भाताची कापणी

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या आम्हा मुलांना तांदूळ ठाऊक असतो तो वाण्याच्या गोणीतला. तो गोणीत येण्यापूर्वी काय होते, हे मला दिवाळीच्या सुट्टीत बदलापूरजवळच्या आमच्या शेतावर कळले.

लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे होऊन तळाशी थोडे हिरवट उरले की कापणी करावी. घाई केली तर दाणा पोचट निघतो. उशीर केला तर दाणे शेतातच गळतात, आणि उन्हाने तडकलेल्या दाण्याची गिरणीत कणी होते. कापलेले भात दोन-तीन दिवस शेतात वाळवून, भारे बांधून खळ्यावर झोडतात व वाऱ्यावर उपणतात. साठवणीच्या भातात १४ टक्क्यांहून अधिक ओलावा राहिला तर बुरशी धरते.

आभाळ पाहून आजी म्हणाली, "आज कापू नका." ती कधी शाळेत गेली नाही, मी घरातला पहिला कॉलेजवाला. सुट्टी संपत आली म्हणून मी हट्टाने विळा घेतला. रात्री पाऊस आला. उभ्या पिकाच्या लोंब्या वाऱ्याने सुकल्या. कापून पसरलेल्यांना ओल्या जमिनीवर कोंब फुटले.

आजी रागावली नाही. वाचलेल्या भाताच्या कण्याच झाल्या. त्या विकल्या नाहीत, घरी खाल्ल्या. पुढल्या वर्षी कापणीचा दिवस आजीच ठरवील.