चेतकचे इंजिन, कटरची साखळी आणि पावसाळ्याची फाटी

उन्हाळा निम्मा सरला, की शहापूर-मुरबाडकडे सरपणाची घाई सुरू होते. राब भाजून होत आलेले असतात, आणि चार महिन्यांची फाटी पडवीत रचल्याशिवाय घरातल्या बाईला स्वस्थ झोप लागत नाही. आमचे भातसानगर ही धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत. मुंबईला रोज जाणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी भातशाचे. परंतु धरणाभोवतीच्या पाड्यांवर चूल अजून लाकडावरच पेटते.

गॅस आला नाही असे नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून शेगडी पुष्कळ घरांत पोहोचली. पण सिलिंडरला रोख रक्कम एकदम लागते, मोळीला फक्त बाईची मान लागते! आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे; हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. साध्या मातीच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी १० ते १५ टक्केच भांड्याला मिळते, गॅसच्या शेगडीत ६० टक्क्यांच्या आसपास. हे धरून पाहिले तर एक सिलिंडर म्हणजे सुमारे २०० किलो वाळलेले लाकूड, म्हणजे २० किलोच्या १० मोळ्या. ओले लाकूड असेल तर आणखी. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या जवळपास पाणीच असते, आणि ते घालवण्यातच जाळ खर्ची पडतो. धूर होतो तो वेगळाच. तो कोणाच्या छातीत जातो हे सांगायला नको.

म्हणून पेट्रोलवर चालणारे कटर गावात आले ते बरेच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाळून कडक झालेला ओंडका कुऱ्हाडीने फोडायला दिवस जातो, कटर त्याचे तुकडे घटकेत पाडते. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली, ती धरायला दोन माणसे लागत. आज पाच-सहा किलोचे यंत्र एकटा माणूस उचलतो.

वसाहतीत ज्यांनी उमेदीची वर्षे यंत्रांवर घालवली, त्यांच्या अंगणात जुनी चेतक, राजदूत, लुना अजून दिसते. बजाजची चेतक १९७२ सालची. पेट्रोलवरच्या चेतकचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे लोटली (आज त्या नावाने निघते ती विजेची), तरी रविवारी सकाळी गोणपाट अंथरायचे, पाने मांडायचे आणि प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, हा कार्यक्रम चालूच आहे. घरची मंडळी हसतात. पण शाळकरी मुलगा, आणि बरोबरीने मुलगीही त्या गोणपाटावर बसवली, तर पुस्तकातले इंजिन तिथे हाताला लागते.

जुन्या चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. कटरचेही बहुधा तसेच. स्कूटरची नाडी ज्याला कळली त्याला कटर परके वाटत नाही. फरक पडतो तो कार्बोरेटरमध्ये. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, म्हणून गाडी उभी हवी. कटर तर आडवे, तिरके, कसेही धरावे लागते; त्यात फ्लोटऐवजी लवचिक पातळ पडदा असतो. हा पडदा ताठरला की मशीन सुरू होते आणि रेस देताच बंद पडते. मिस्त्री बिचारा जेट साफ करत बसतो! शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळी चिकट झाली, तडकली, की बदललेली बरी.

ऑइलचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच ठेवावे; कुठे ५० ला १, कुठे २५ ला १. कमी पडले तर पिस्टन जाम. साखळीचे ऑइल मात्र वेगळे. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून पुष्कळजण तेच ओततात. त्यातला लोखंडाचा बारीक कीस पंप चोंदवतो, आणि ते काळे ऑइल अंगावर उडते ते निराळे.

आमची खरी काळजी यापुढची आहे. आपली तरुण मुले कटर घेऊन रोजाने जाऊ लागली आहेत. पायात चप्पल, डोळे उघडे, कानात काही नाही. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. पात्याच्या टोकाची वरची बाजू दुसऱ्या फांदीला टेकली की मशीन उसळून तोंडाकडे येते. अशा वेळी साखळी थांबवणारा ब्रेक पुढच्या मुठीसमोरच्या ढालीत असतो. ‘मध्ये येतो’ म्हणून तोच काढून टाकलेली मशीन आम्ही पाहिली आहेत. भाड्याने घेताना तो आधी तपासावा. मशीन खांद्याच्या वर नेऊ नये, एका हाताने तर कधीच चालवू नये. आणि कामावर जाण्याआधी ठेकेदाराचे नाव, रोज आणि तारीख वहीत लिहून त्याची सही घ्यावी. अपघातानंतर ‘हा माझा माणूस नव्हे’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? भरपाई मागताना तेवढा कागदच उपयोगी पडतो.

झाडाचेही तसेच. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, मोह, हिरडा, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. मालक ‘परवानगी आहे’ म्हणाला तर कागद डोळ्यांनी पाहावा. जंगलातून येताना अडवला जातो तो मशीनवाला, मालक नव्हे.

मृगाआधी कटरची टाकी रिकामी करावी, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, साखळीला ऑइल लावून ठेवावी. फाटी चिरून, खाली दगड घालून, वारा खेळेल अशी रचावीत. जाडे ओंडके यंदा न जाळता पुढच्या वर्षासाठी मागे सारावेत.