‘रिले’ व त्याचे संपर्क

रिले म्हणजे विजेनें चालणारी कळ होय. वेटोळ्यांतून प्रवाह वाहूं लागला म्हणजे आंतील लोखंड चुंबक बनतें, पट्टी ओढली जाते, आणि संपर्क जुळतात अथवा सुटतात. प्रवाह नसतां जो सुटलेला असतो तो ‘उघडा’ संपर्क, जुळलेला असतो तो ‘मिटलेला’. बटणांच्या संपर्कांसहि हींच नांवें आहेत.

यांतील कोणता निवडावा? आमच्या मतें प्रथम एकच प्रश्न विचारावा: तार तुटली तर काय होईल? यंत्र थांबविण्याच्या बटणाचा संपर्क उघडा असेल, तर तुटलेली तार कोणाच्याहि ध्यानांत येत नाहीं. कामगाराचा हात पट्ट्यांत सांपडला असतां बटण दाबूनहि यंत्र फिरतच राहतें. संपर्क मिटलेला असेल, तर तार तुटतांच यंत्र आपोआप थांबतें.

अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन यांनीं १८७२ सालीं अशाच योजनेचें रेल्वेसाठीं पेटंट घेतलें. रुळांतून वाहणारा मंद प्रवाह रिलेस ओढून धरतो, व त्याचा उघडा संपर्क जुळून मार्ग मोकळा दिसतो. गाडी आली, रूळ तुटला वा बॅटरी संपली, कीं रिले सुटतो व सिग्नल धोका दाखवितो.

विद्यार्थ्यांनो, रात्रीं पहारेकऱ्याची हाक येते तोंवर गांव निर्धास्त निजतो. हाक थांबली कीं जागा होतो. उत्तम योजनेची खूण हीच.