टिकटिक आणि मिसिंग : जुनी गाडी घेण्याआधी इंजिन ऐका

देऊळघाटसारख्या गावात कुटुंबाची पहिली चारचाकी बहुधा जुनीच येते. भिशीचा नंबर, सोयाबीनचे आलेले पैसे, आखातातल्या भावाने पाठवलेली रक्कम असे तुकडे जोडून ती घेतलेली असते. घेताना आपण काय पाहतो? रंग, टायर, सीटकव्हर आणि आरसी बुकावरचे वर्ष. इंजिन एका चावीत सुरू झाले की सगळे 'माशाअल्लाह' म्हणून मोकळे होतात. मग एखाद्या रात्री मलकापूर स्टेशनवरून पाहुण्यांना घेऊन येताना राजूर घाटाच्या चढावर गाडी हिसके मारू लागते, आत लहान मुले असतात आणि मागे ट्रक हॉर्न वाजवत असतो. त्या हिसक्यांना आपल्याकडचे मेकॅनिक 'मिसिंग' म्हणतात. ही मिसिंग आणि बॉनेटखालची टिकटिक सौदा ठरण्याआधी कशी ओळखायची, आणि गाडी घरात असेल तर खर्च न वाढवता तिचे कारण कसे शोधायचे, ते या लेखात पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी थंड असताना ऐका. सौद्याला सकाळी लवकर जा आणि 'आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका' असे मालकाला आधीच सांगा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागले तर गाडी आधी फिरवून आणली आहे. त्यामागे वाईट हेतू असेलच असे नाही, पण थंड इंजिन जे सांगते ते गरम इंजिन सांगत नाही. मग ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घालून पाहा. टिकटिकीचे सगळ्यात साधे आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे कमी झालेले ऑइल. ऑइल नको इतके घट्ट असेल, तर आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल भरल्याची शंका घ्यायला जागा आहे.

आता आवाजांकडे वळू. सगळी टिकटिक वाईट नसते. पेट्रोलच्या इंजेक्शन गाडीत इंजेक्टर स्वतःच बारीक, झरझर टिकटिकतात. ते त्यांचे कामच आहे. टॅपेटचा आवाज त्याहून जाड असतो आणि वरून, हेडच्या झाकणाखालून येतो. क्रँकचे दोन फेरे झाले की प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणून गाडी उभ्या जागी 800 फेऱ्यांवर चालत असेल तर एका सैल टॅपेटचे मिनिटाला 400 ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास. कान ते मोजू शकत नाही, पण चाल इंजिनाच्या निम्मी आहे हे सरावाने कळते. मारुती 800 सारख्या जुन्या इंजिनात ही फट फिलर गेज आणि पान्याने जुळवता येते. काम मोठे नाही.

सुरुवातीला जोरात येणारी आणि गाडी तापल्यावर विरणारी टिकटिक कधी कधी टॅपेटची नसतेच. इंजिनातून धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड जिथे हेडला जोडलेला असतो, तिथले गॅस्केट फुंकते. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज दबतो. त्या जोडावर काळी काजळी दिसली की समजावे. सैल प्लगमधूनही असाच फुसफुसता आवाज येतो. आवाजाची जागा शोधायला मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतात. युक्ती चांगली आहे, पण चालू इंजिनावर वाकताना ओढणी, दुपट्टा, सैल बाही पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावी. बरेच पंखे विजेवर चालतात आणि अचानक फिरू लागतात.

मात्र खालून, पोटातून येणारा जड 'ठक ठक', जो अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढतो आणि इंजिन तापून ऑइल पातळ झाले की आणखी स्पष्ट होतो, तो बहुधा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो. असा आवाज विकत घेऊ नये. घरच्या गाडीत आला तर ती तिथेच बंद करून ओढून न्यावी. चालवत गॅरेजपर्यंत नेली तर बेअरिंगचे काम क्रँकपर्यंत जाते, कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

मिसिंगची गोष्ट थोडी वेगळी आहे. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसे कंप्रेशन. एका सिलिंडरमध्ये यातली एक जरी कमी पडली तरी तो सिलिंडर काम न करता नुसता फिरतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या, म्हणजे 800, अल्टो, 1 लिटरची वॅगन आर, तीन सिलिंडरच्या आहेत. त्यातला एक गेला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली. गाडी उभ्या जागी अंग हलवते आणि चढ नको म्हणते.

मिसिंग कधी येते यावरून बरेच कळते. उभ्या जागी हलते आणि वेग दिला की सरळ होते, तर हवा कुठून तरी चोरून आत येत असावी, एखादी रबरी नळी चिरलेली असेल, नाहीतर व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. सपाट रस्त्यावर ठीक आणि घाटात, भरल्या गाडीत हिसके, तर कॉइल, प्लग किंवा पेट्रोलचा दाब पाहावा. पावसाळी सकाळीच येते, तर ओल. एक कारण गावाकडचे खास आहे : सुगी झाल्यावर पोत्यांशेजारी उभ्या केलेल्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. पार्ट बदलण्याआधी बॅटरी घेऊन वायरिंग नजरेखालून घाला.

इथेच घरचा पैसा वाया जातो. गाडी मिसिंग मारते म्हटले की आधी प्लग बदलतात, मग तिन्ही कॉइल, मग इंजेक्टर, आणि मिसिंग तशीच. हे निदान नव्हे, अंदाज आहे. साधारण 2013 नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कंप्युटर स्वतः नोंद ठेवतो. स्कॅनर लावला आणि कोड पी 0301 आला तर पहिला सिलिंडर, पी 0302 तर दुसरा. पी 0300 म्हणजे मिसिंग एका सिलिंडरवर बांधलेली नाही. ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तिथे पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. आता 0302 आला तर कॉइलच चोर आहे. कोड जागचा हलला नाही तर हाच खेळ प्लगचा करा. एक रुपयाचा पार्ट न घेता ही तपासणी होते. मात्र चालू इंजिनाची प्लगवायर ओढून 'कोणता सिलिंडर मेला' ते पाहण्याची जुनी सवय सोडायला हवी. तिथे हजारो व्होल्ट असतात, माणसाला झटका बसतो आणि कॉइलही जळू शकते.

प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळे चोख निघाले तर कंप्रेशन मोजायला सांगा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, वाढला नाही तर व्हॉल्व्ह गळतो. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केटकडे बोट जाते. रेडिएटरचे पाणी कमी होत असेल आणि ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर शंका पक्कीच.

गॅसवर चाललेल्या जुन्या गाडीबाबत एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी. अशा गाडीत व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट मोठी न होता लहान होते. फट लहान म्हणजे आवाज नाही. इंजिन छान शांत वाटते, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, जळत राहतो आणि मिसिंग सुरू होते. गाडी गॅसवर आणि पेट्रोलवर अशी दोन्हीवर चालवून पाहा. फक्त गॅसवर अडत असेल तर दोष बहुधा किटचा किंवा ठिणगीचा, दोन्हीवर अडत असेल तर इंजिनाचा.

विकणाऱ्यांच्या युक्त्याही माहीत असाव्यात. चावी फिरवली, इंजिन सुरू केले नाही, तरी चेक इंजिनचा पिवळा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. लागत नसेल तर तो कोणी बंद केला आहे. दिवा विझलेला आहे पण स्कॅनर म्हणतो की आतल्या तपासण्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत, तर कोड बहुधा नुकताच पुसला आहे किंवा बॅटरी काढली होती. असा माल पुढे करणाऱ्या बंधूंना आम्ही एवढेच आठवण करून देऊ की, बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले निघाले, तेव्हा ते वर का ठेवले नाही असे पैगंबर (स.) यांनी विक्रेत्याला विचारले होते. फिकहमध्ये लपलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिलेला आहे. गाडीत मिसिंग आहे हे सांगून पाच हजार कमी घेणारा माणूस आमच्या मते चांगला व्यापारी आहे.

आणि गाडी घेतलीच, घाटात हिसके सुरू झाले आणि पिवळा दिवा नुसता न लागता लुकलुकू लागला, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जात आहे आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून लाल होऊ शकतो. तो पार्ट महाग असतो. गाडी वळणावर न थांबवता रुंद जागा पाहून कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, मुलांना दरीच्या नव्हे तर डोंगराच्या बाजूला उतरवा आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.