एक्सप्लेनर : जुन्या बाईकचा कार्बोरेटर घरी सेट करताय? आधी स्क्रू ओळखा

सिग्नलला बाईक बंद पडू लागली की अनेक जण स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट कार्बोरेटरला हात घालतात. यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीत हा प्रयोग महागात पडू शकतो.

कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. एक रेस ठरवतो, दुसरा हवा-पेट्रोलचं मिश्रण. हा दुसरा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. कसला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर नेमकं उलट. निम्मा गोंधळ इथेच होतो.

इंजिन गरम करून बंद करा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण कसा (जोर लावला तर टोक खराब होतं), मग मॅन्युअलमध्ये दिलेले आटे सोडा. मोकळ्या जागेत इंजिन सुरू करून पाव-पाव आटा फिरवा. रेस सर्वाधिक आणि एकसारखी लागेल तिथे थांबा, मग रेसच्या स्क्रूने ती उतरवा.

मायलेजसाठी हवा वाढवण्यात मात्र अर्थ नाही. हा स्क्रू मुख्यतः आयडलिंगपुरता. फुल थ्रॉटलला पेट्रोल मेन जेटमधून येतं. तो जेट लहान बसवला तर इंजिन तापून पिस्टन जाम होऊ शकतो. प्लग पांढरट दिसणं ही त्याची खूण. रेस चढून उतरतच नसेल, तर कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला तडा गेलाय का, ते आधी पाहा.