विश्लेषण : सीमेवरील जवान व्हायचे आहे? मग मैदानाआधी जागांचा तक्ता का पाहावा?

पात्रता दहावी उत्तीर्ण, वय १८ ते २३ आणि सुरुवातीचे मूळ वेतन २१,७०० रुपये. केंद्रीय दलांतील कॉन्स्टेबल जीडी, म्हणजे जनरल ड्युटी, हे पद सीमेवरील नोकरीचे सर्वांत खालचे प्रवेशद्वार आहे. राज्यातील पोलीस भरतीची तयारी करणारे अनेक जण सोबत हाही अर्ज भरतात. मात्र ‘बीएसएफमध्ये जायचे’ एवढेच ठरवून अर्ज भरणाऱ्यांना ताज्या जाहिरातीने धक्का दिला. एका वर्षात बीएसएफच्या जागा १५,६५४ वरून ६१६ वर आल्या. असे असताना ही वाट नेमकी कशी आहे, याचा हा आढावा.

सीमेवर नेमके कोण असते?

सीमा म्हटली की लष्कर डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात शांततेच्या काळात बहुतांश आंतरराष्ट्रीय सीमेवर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील दले पहारा देतात. कारगिल युद्धानंतर ‘एक सीमा, एक दल’ हे तत्त्व स्वीकारण्यात आले. त्यानुसार पाकिस्तान आणि बांगलादेश सीमा सीमा सुरक्षा दलाकडे, म्हणजे बीएसएफकडे आहे. चीन सीमा भारत-तिबेट सीमा पोलीस दल (आयटीबीपी), नेपाळ व भूतान सीमा सशस्त्र सीमा बल (एसएसबी) आणि म्यानमार सीमा आसाम रायफल्स सांभाळते. आसाम रायफल्सचे प्रशासन गृह मंत्रालयाकडे असले तरी मोहिमांचे नियंत्रण लष्कराकडे असते.

यांतील बीएसएफ हे सर्वांत मोठे सीमा दल. १९६५च्या भारत-पाक युद्धानंतर त्याच वर्षी १ डिसेंबरला त्याची स्थापना झाली. त्याआधी पाकिस्तान सीमेवर त्या-त्या राज्यांचे पोलीस तैनात असत. दलाचे पहिले महासंचालक के. एफ. रुस्तमजी यांचा जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. आज बांगलादेशलगतची सुमारे ४,०९६ किलोमीटरची सीमा आणि पाकिस्तानलगतच्या सीमेचा मोठा भाग या दलाकडे आहे.

जागा इतक्या कशा घटल्या?

कॉन्स्टेबल जीडी पदासाठी प्रत्येक दलाची स्वतंत्र परीक्षा नसते. कर्मचारी निवड आयोग, म्हणजे एसएससी, सर्व दलांसाठी एकच परीक्षा घेतो. सप्टेंबर २०२४ मधील मूळ जाहिरातीत एकूण ३९,४८१ जागा होत्या. त्यांपैकी बीएसएफच्या १५,६५४, आयटीबीपीच्या ३,०१७, आसाम रायफल्सच्या १,२४८ आणि एसएसबीच्या ८१९. म्हणजे चार सीमा दलांच्या मिळून २०,७३८ जागा, एकूण जागांच्या निम्म्याहून अधिक.

डिसेंबर २०२५च्या जाहिरातीत एकूण जागा २५,४८७ झाल्या. बीएसएफला ६१६, एसएसबीला १,७६४, आसाम रायफल्सला १,७०६ आणि आयटीबीपीला १,२९३ जागा मिळाल्या. चारही सीमा दलांची बेरीज ५,३७९, म्हणजे जेमतेम २१ टक्के. याउलट विमानतळ, मेट्रो, बंदरे आणि औद्योगिक प्रकल्पांची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफला एकट्याला १४,५९५ जागा आल्या. परीक्षा तीच, अभ्यासक्रम तोच. पण यशस्वी उमेदवार सीमेवर जाण्याऐवजी विमानतळावर जाण्याची शक्यता अधिक.

जाहिरातीनंतर जागांचे आकडे बदलू शकतात, बीएसएफची काही पदांसाठी स्वतंत्र भरतीही निघते. तरीही अर्ज भरताना हाती असतो तो जाहिरातीतील तक्ताच. त्यात आणखी एक घटक वाढतो आहे. केंद्रीय दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव वाटा ठेवण्यात आला आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीस पूर्ण होऊ लागतील. त्यामुळे यापुढच्या जाहिरातींत एकूण जागांइतकाच ‘त्यातल्या थेट भरतीच्या किती’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरेल.

पसंतीक्रमाला एवढे महत्त्व का?

अर्ज भरतानाच उमेदवाराला दलांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. निवडीच्या वेळी गुणवत्ता, राज्यनिहाय व प्रवर्गनिहाय जागा आणि हा क्रम यांच्या आधारे दल ठरते. अनेकदा सायबर कॅफेचालक स्वतःच्या मनाने हा क्रम भरून देतो आणि उमेदवाराला ते कळते थेट निकालाच्या दिवशी. अर्जातील दुरुस्तीची मुदत संपली की क्रम बदलता येत नाही.

वास्तविक हा तरुणाच्या पुढच्या सुमारे चार दशकांचा निर्णय असतो. आयटीबीपी म्हणजे हिमालयातील उंचावरच्या, वर्षातील बराच काळ बर्फात असलेल्या चौक्या. एसएसबी म्हणजे नेपाळ-भूतानची खुली सीमा, जिथे दोन्हीकडच्या लोकांची रोज ये-जा असते. आसाम रायफल्स म्हणजे ईशान्येतील डोंगर आणि जंगल. बीएसएफमध्ये तर कच्छचे रण, थरचे वाळवंट, पंजाबची शेते आणि सुंदरबनच्या खाड्या यांपैकी काहीही वाट्याला येऊ शकते.

पोलीस भरतीपेक्षा वेगळे काय?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत बारावी उत्तीर्ण असावे लागते. तेथे मैदानी चाचणी आधी होते आणि तिचे ५० गुण अंतिम यादीत धरले जातात. धावणे आणि गोळाफेक चांगली असलेला उमेदवार तिथेच आघाडी घेतो. एसएससीच्या भरतीत उलटे आहे. आधी संगणकावर परीक्षा होते आणि मैदानी चाचणी केवळ पात्रतेपुरती असते. ती कितीही उत्तम दिली तरी एकही गुण वाढत नाही.

परीक्षा ६० मिनिटांची असते. ८० प्रश्न, १६० गुण. बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान, प्राथमिक गणित आणि इंग्रजी किंवा हिंदी भाषा अशा चार भागांत प्रत्येकी २० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण वजा होतो. एका प्रश्नाला ४५ सेकंदच मिळत असल्याने वेगाचा सराव निर्णायक ठरतो. २०२४ पासून हिंदी-इंग्रजीशिवाय १३ प्रादेशिक भाषांतही ही परीक्षा होते. त्यांत मराठी आणि कोकणी आहेत. मात्र भाषेचा चौथा भाग इंग्रजी किंवा हिंदीचाच असतो. एनसीसी प्रमाणपत्र असल्यास कमाल गुणांच्या प्रमाणात अधिकचे गुण मिळतात : ‘सी’ला ५ टक्के, ‘बी’ला ३ टक्के, ‘ए’ला २ टक्के. १६० पैकी ८ गुणांचा हा फायदा गुणवत्ता यादीत मोठा फरक पाडतो.

मैदानात पुरुषांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर, तर महिलांना साडेआठ मिनिटांत १.६ किलोमीटर धावावे लागते. पोलीस भरतीत पुरुषांसाठी १,६०० मीटर, तर महिलांसाठी ८०० मीटर अंतर असल्याने केवळ त्याच तयारीवर विसंबलेल्यांचा दम इथे कमी पडतो.

उंची, डोळे आणि कागद कुठे अडवतात?

उंचीची सर्वसाधारण अट पुरुषांना १७० आणि महिलांना १५७ सेंटिमीटर आहे. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ती अनुक्रमे १६२.५ आणि १५० सेंटिमीटर आहे. गढवाली, कुमाऊनी, डोगरा यांच्याबरोबर मराठा उमेदवारांनाही सवलत आहे : पुरुष १६५, महिला १५५ सेंटिमीटर. ही सवलत महाराष्ट्रातील प्रत्येकाला मिळत नाही आणि त्यासाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते मैदानावर हाती नसेल तर १६७ सेंटिमीटर उंचीचा उमेदवारही बाहेर जातो.

जातीच्या दाखल्यांतही अशीच चूक होते. राज्यातील एसईबीसी आरक्षण केंद्रीय भरतीत लागू नाही. ओबीसी उमेदवाराला केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. वयोमर्यादेत ओबीसींना ३, तर अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षे सवलत आहे. ईडब्ल्यूएस उमेदवारांना वयात सवलत नाही. जागा राज्यनिहाय असल्याने अधिवास प्रमाणपत्रही आवश्यक असते.

सर्वांत धक्कादायक टप्पा वैद्यकीय तपासणीचा. एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ हवी, तीही चष्म्याशिवाय. रंगांधळेपणा, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणे, पायांवरील फुगलेल्या शिरा अशा कारणांवरून उमेदवार अपात्र ठरतात. दोन-तीन वर्षे अकादमीत घालवल्यावर हे कळण्यापेक्षा सुरुवातीलाच तपासणी करून घेणे स्वस्त पडते.

सीमेवरच्या जवानाला अधिकार किती?

बीएसएफचे काम लष्करासारखे दिसत असले तरी शांततेच्या काळात ते मुख्यतः कायदा अंमलबजावणीचे असते. घुसखोरी आणि तस्करी रोखणे, संशयितांची झडती घेणे, माल जप्त करणे हे रोजचे काम. बीएसएफ कायद्याच्या कलम १३९ नुसार केंद्र सरकार दलाला झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार देते. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये या अधिकारांची हद्द सीमेपासून १५ वरून ५० किलोमीटर करण्यात आली. गुजरातमध्ये ती ८० वरून ५० किलोमीटरवर आली. पंजाबने या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

मात्र हद्द कितीही असली तरी गुन्ह्याचा तपास करून आरोपपत्र दाखल करण्याचे काम बीएसएफचे नाही. पकडलेला माणूस आणि माल स्थानिक पोलीस, सीमाशुल्क किंवा संबंधित यंत्रणेच्या हवाली करावा लागतो. त्यामुळे पोलिसांचा रुबाब डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्याला येथील काम वेगळे वाटेल. पंजाबात कुंपणापलीकडे शेत असलेल्या शेतकऱ्यांसाठी ठरावीक वेळी फाटक उघडणे, त्यांची तपासणी करणे, परतताना पुन्हा मोजणी करणे, रात्री ड्रोनच्या आवाजावर कान ठेवणे, असे ते असते. २००९ पासून या फाटकांवर महिला जवानही तैनात होऊ लागल्या. ताज्या जाहिरातीत सर्व दलांच्या मिळून २,०२० जागा महिलांसाठी आहेत.

प्रशिक्षण, पगार आणि पुढची वाट काय?

बीएसएफच्या नव्या जवानाचे मूलभूत प्रशिक्षण सुमारे ४४ आठवड्यांचे असते. देशभरातील दलाच्या प्रशिक्षण केंद्रांत लातूर जिल्ह्यातील चाकूरचाही समावेश आहे. वेतनश्रेणी लेव्हल ३, म्हणजे २१,७०० ते ६९,१०० रुपये. त्यावर महागाई भत्ता आणि नेमणुकीच्या ठिकाणानुसार इतर भत्ते मिळतात. निवृत्तीचे वय ६० आहे. जुन्या निवृत्तिवेतनाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये जवानांच्या बाजूने निकाल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

कॉन्स्टेबलपासून हेड कॉन्स्टेबल, एएसआय, उपनिरीक्षक अशी पदोन्नतीची शिडी आहे. पण तिच्या पायऱ्या चढायला अनेक वर्षे लागतात. पदवीधरांसाठी दोन वरची दारे आहेत. एसएससीच्या परीक्षेतून थेट उपनिरीक्षक, तर यूपीएससीच्या सीएपीएफ परीक्षेतून असिस्टंट कमांडंट होता येते. दोन्हींसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा २० ते २५ वर्षे आहे. त्यामुळे नोकरी लागल्यावर पदवी अर्धवट सोडणे महागात पडू शकते.

या नोकरीची किंमत काय?

सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दले, आसाम रायफल्स आणि एनएसजीमधील ७३० कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केली. याच काळात ५५ हजारांहून अधिक जणांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा राजीनामा दिला. अपुरी झोप, लांबलेली ड्युटी आणि घरातील अडचणींच्या वेळी दूर असण्याचा ताण ही या नोकरीची दुसरी बाजू आहे. जवानाला वर्षातून १०० दिवस कुटुंबासोबत राहता यावे, असे धोरण गृह मंत्रालयाने आखले आहे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ४२,७९७ कर्मचाऱ्यांना त्याचा लाभ मिळाल्याचे सरकारने सांगितले. दलांची एकूण संख्या दहा लाखांच्या घरात असताना हा आकडा लहानच आहे.

म्हणून वयाच्या अठराव्या वर्षी हा अर्ज भरताना घरात केवळ पगाराची चर्चा पुरेशी नाही. कोणत्या दलाला किती जागा आहेत, पहिली पसंती कोणती, ते दल कोठे तैनात असते आणि सीमेऐवजी विमानतळ मिळाला तर चालेल का, या चार प्रश्नांची उत्तरे अर्जाआधी कागदावर लिहावीत. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला १८ ते २३ या वयात मोजक्याच जाहिराती मिळतात. एका चुकीच्या दाखल्याने किंवा न वाचता भरलेल्या पसंतीक्रमाने त्यांतली एक वाया जाते.