अर्धे मैदान, पूर्ण खेळ

ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल नगरीत बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पी. व्ही. सिंधू यांनी तेथे सुवर्णपदक जिंकले आणि साऱ्या देशाने तो आनंद साजरा केला. त्याच दिवसांत, त्याच नगरीत, दिव्यांग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत मुंबईत वाढलेल्या एका युवतीनेही सुवर्णपदक मिळविले होते. तिचे नाव मात्र आपल्यापैकी अनेकांच्या कानी उशिरा पडले. ते नाव म्हणजे मानसी गिरीशचंद्र जोशी.

मानसी यांचा जन्म १९८९ चा, राजकोटचा. बालपण मुंबईच्या अणुशक्तीनगरात गेले. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात कार्यरत होते आणि बॅडमिंटनचे पहिले धडे त्यांनीच लेकीला दिले. के. जे. सोमय्या महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मानसी सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करू लागल्या. खेळ हा तेव्हा केवळ आवडीचा भाग होता.

डिसेंबर २०११ मध्ये दुचाकीवरून कामावर जात असताना ट्रकखाली सापडून त्यांचा डावा पाय चिरडला गेला. योग्य उपचार मिळेपर्यंत मोलाचे कित्येक तास निघून गेले. पाय वाचविण्याची शर्थ झाली. परंतु जंतुसंसर्ग पसरू लागला आणि अखेर तो कापावा लागला. वय अवघे बावीस वर्षांचे.

अशा प्रसंगी घरोघरी एकच शब्द उच्चारला जातो: ‘बिचारी’. हा शब्द मायेपोटीच येतो, पण ऐकणाऱ्याच्या पायांतले बळ तोच काढून घेतो. मानसी यांनी तो आपल्याला चिकटू दिला नाही. कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा चालावयास शिकल्या आणि वर्षभरातच रॅकेट हाती घेऊन कार्यालयीन स्पर्धेत उतरल्या.

येथे या खेळाची रचना समजून घेतली पाहिजे. दिव्यांग बॅडमिंटनमध्ये शारीरिक क्षमतेनुसार गट पाडलेले असतात. मानसी यांचा गट ‘एसएल ३’, म्हणजे उभे राहून खेळणारे, परंतु पायांच्या हालचालीवर मोठी मर्यादा असलेले खेळाडू. त्यांची एकेरी मैदानाच्या उभ्या अर्ध्या भागात खेळली जाते. ऐकताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात फुलाला मोकळी जागा मिळत नसल्याने ते चटकन जमिनीवर पडत नाही, फेरी लांबत जाते आणि खेळाडूला पुढे-मागे सतत धावावे लागते. कृत्रिम पायावर तोल सावरीत हे साधणे, याला केवळ हौस पुरत नाही.

२०१५ मध्ये जागतिक स्पर्धेच्या मिश्र दुहेरीत रौप्य आणि २०१७ मध्ये एकेरीत कांस्य, अशी वाटचाल होत गेली. पुढे हैदराबादच्या गोपीचंद अकादमीत त्यांनी कसून सराव केला. बासेलच्या अंतिम सामन्यात समोर होत्या गतविजेत्या पारुल परमार, याच गटात दीर्घकाळ अग्रस्थानी राहिलेल्या भारतीय खेळाडू. मानसी यांनी तो सामना २१-१२, २१-७ असा जिंकला.

परंतु विश्वविजेतेपदानंतरही एक दार बंदच राहिले. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटनचा प्रथमच समावेश झाला. तेथे त्यांच्या गटाची महिला एकेरी नव्हतीच आणि महिला दुहेरीसाठी गेलेल्या भारतीय जोडीत त्यांचे नाव नव्हते. जगात अव्वल ठरलेल्या खेळाडूने जगातील सर्वांत मोठी स्पर्धा दुरून पाहिली. त्यांनी सराव मात्र सोडला नाही. २०२२ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांचा गट आल्यावर पस्तिसाव्या वर्षी त्या मैदानात उतरल्या. गटातील दोन्ही सामने त्यांनी तिसऱ्या गेमपर्यंत नेले, पण दोन्ही निसटले. पदक मिळाले नाही.

व्यापारी माणूस वर्षाअखेरीस वही उघडतो आणि नफा-तोटा पाहतो. मानसी यांच्या वहीत पॅरिसच्या पानावर पदकाची नोंद नाही. तेथवर पोहोचण्याचा पुरुषार्थ मात्र पूर्ण जमा आहे. फळ हाती नसते, उद्यम हाती असतो, हे आपण मुलांना सांगतो. त्याचे इतके जिवंत उदाहरण क्वचितच आढळते.

वाचकहो, एक प्रश्न आपल्यासाठीही उरतो. आपल्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढू न शकणारा माणूस आत येईल कसा? हिशेबात हुशार, परंतु पायाने अधू असलेल्या तरुणीला आपण पेढीवर काम देऊ, की ‘बिचारी’ म्हणून चहा पाजून निरोप देऊ? मानसी यांचे कौतुक करणे सोपे आहे. त्या कौतुकाचा खरेपणा मात्र आपल्या उंबरठ्यावरच ठरणार आहे.