उकाड्यात गोठणारं इंजिन

‘बाहेर पंचवीस अंश तापमान असताना विमानाच्या इंजिनात बर्फ होतोच कसा?’ असं एका वाचकांनी जरा रागावूनच विचारलं आहे. शंका रास्त आहे, पण बर्फ होतो. आणि त्यासाठी ढगात शिरावं लागत नाही की हिमालयावर जावं लागत नाही. दमट हवा पुरते.

सेस्ना १५०सारख्या जुन्या खासगी विमानांत, आपल्या जुन्या स्कूटरमध्ये असायचा तसाच, कार्ब्युरेटर असतो. हवा त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं ओढलं जातं. या गळ्याला इटलीच्या वेंचुरीचं नाव आहे, त्यामुळे गारठ्याचं खापरही त्याच्याच माथी फुटतं. खरा वाटा मात्र पेट्रोलच्या बाष्पीभवनाचा. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की कातडी गार पडते, तोच हा प्रकार. उतरलेला दाब आणि हे बाष्पीभवन मिळून हवा वीस-तीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त थंड होते. तिच्यातली वाफ थ्रॉटलच्या झडपेवर गोठते आणि इंजिनचा श्वास कोंडू लागतो. तापमान २१ अंशांखाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर असेल तर धोका सर्वांत मोठा. पण ३८ अंशांतही बर्फ धरू शकतो, असं वैमानिकांना शिकवलं जातं.

वेंचुरीने आपलं संशोधन १७९७ मध्ये छापलं. त्याच्या चाळीसएक वर्षं आधी विल्यम कलेन या स्कॉटिश डॉक्टरने कार्ब्युरेटरमधला हा बर्फ जवळजवळ करूनच दाखवला होता! स्पिरिटमधून बाहेर काढलेल्या थर्मामीटरचा पारा आपोआप उतरतो, हे त्याच्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं. कलेनने मग एकेक द्रव घेऊन पाहिला. शेवटी ईथरचं भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून त्याने पंपाने वरची हवा काढून घेतली. ईथर भराभर उडालं आणि भोवतीचं पाणी गोठलं. उतरलेला दाब, उडून जाणारा द्रव आणि बर्फ: सगळा मालमसाला तोच. निबंध १७५६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुप्त उष्णतेमुळे पाठ्यपुस्तकांत अजरामर झाला तो मात्र कलेनचा शिष्य जोसेफ ब्लॅक. नळीला वेंचुरीचं नाव मिळालं, तर बर्फाला कलेनचं द्यायला काय हरकत होती?

आता कॉकपिटमध्ये येऊ. सुरुवातीला खडखडाट वगैरे काही होत नाही. इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा हळूच खाली सरकतो, एवढंच. वैमानिक सवयीने थ्रॉटल किंचित पुढे सारतो आणि नकळत दुखणं झाकतो. खरा उपाय म्हणजे ‘कार्ब हीट’ची मूठ ओढणं. मग एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये येते.

आणि मूठ ओढताच इंजिन आणखी बिघडतं! गरम हवा विरळ असल्याने फेऱ्या अजून घटतात. वितळलेल्या बर्फाचं पाणी सिलिंडरमध्ये शिरून इंजिन खोकतं, थरथरतं. ‘आपणच घोळ घातला’ असं वाटून हात मूठ परत ढकलायला शिवशिवतो. नेमकं तेच करायचं नसतं. विमानाचा वेग सांभाळायचा, उतरता येईल असं शेत किंवा धावपट्टी नजरेत ठेवायची आणि मूठ पूर्ण ओढलेलीच ठेवायची. बर्फ सुटला की काटा वर चढू लागतो.

न्यूयॉर्क ते पॅरिस उडालेला वैमानिक लिंडबर्गसुद्धा यातून सुटला नव्हता. पॅरिसच्या उड्डाणाआधी, १० मे १९२७ रोजी सॅन डिएगोहून सेंट लुईसला निघाला असताना रात्री डोंगरांवर त्याचं इंजिन अडखळू लागलं. संशय कार्ब्युरेटरमधल्या बर्फावर होता. न्यूयॉर्कला पोचल्यावर त्याने हवा तापवणारी सोय बसवून घेतली आणि मगच अटलांटिक गाठला.

पेट्रोल इंजेक्शनच्या नव्या इंजिनांत हे दुखणं उरलेलं नाही. जुन्या विमानांत मात्र धीराइतकीच वेळही महत्त्वाची. बर्फ वितळवणारी ऊब इंजिनच्याच एक्झॉस्टमधून येते. इंजिन थंड पडलं की मूठ कितीही ओढा, तापलेली हवा आणायची कुठून? म्हणून काटा पहिल्यांदा सरकतो, तेव्हाच हात थ्रॉटलकडे नव्हे, कार्ब हीटकडे जायला हवा.